बिनानंबराची गाडी

कोइंबतूर
९ जून २०२४

बाबा,

हे फोनवर सांगितलं असतं तर तुम्हाला अर्धंच ऐकू आलं असतं. उरलेलं आईने तुमच्या कानाशी ओरडून सांगितलं असतं, म्हणजे अख्ख्या रिसालीला कळलं असतं. क्रेनच्या आवाजात तुमचे कान गेले तेव्हापासून महत्त्वाचं बोलणं आपण कागदावरच करतो. हे पत्र एकट्याने वाचा. धाकट्या बबलूच्या हाती लागू देऊ नका, तो मोठ्याने वाचेल.

मी एक गाडी घेते आहे. रेसची.

लगेच उठून उभे राहू नका, पुढे वाचा. ही रस्त्यावरची गाडी नाही. हिच्यात बसायची जागा एकच. वर छत नाही, बाजूला दारं नाहीत, चारही चाकं बाहेर उघडी. लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यात साध्या मोटारीचं इंजिन पाठीमागे बसवलेलं. ट्रकवर चढवून ट्रॅकवर न्यायची, तिथे चालवायची, पुन्हा ट्रकवर चढवून आणायची. म्हणून हिला दिवे नाहीत, हॉर्न नाही आणि नंबरप्लेटही नाही. नवी घेणं माझ्यासारखीला शक्य नाही. ही जुनी आहे, मला परवडेल अशी. शहराबाहेर सेल्वम नावाच्या माणसाचं गॅरेज आहे, त्याच्याकडे उभी आहे.

तुम्हाला न सांगितलेली एक गोष्ट आहे. गेलं वर्षभर मी रविवारी ट्रॅकवर जाते. कारखान्यातल्या सुशीलाने पहिल्यांदा नेलं. सुरुवातीला वळणावर उभं राहून चालकांना झेंडे दाखवायचं काम होतं. पगार नाही, पण जेवण देतात. मग एका शिबिरात चालवायला मिळालं. शिकवणाऱ्याने विचारलं, आधी काय चालवायचीस? मी म्हणाले, सुपेल्याच्या बाजारातल्या गर्दीतून स्कूटी. तो हसला नाही. म्हणाला, दिसतंय.

ऑक्टोबरमध्ये हौशी चालकांची स्पर्धा आहे, नवशिक्यांचा गट वेगळा. तिथे येणारी मुलं मोठ्या घरची असतात. कुणाच्या वडिलांची गिरणी, कुणाचं हॉटेल. मुली दोन-तीनच. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. पदवी मिळाली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की आता दार उघडलं. मला वाटतं, दार उघडलं की तिथेच उभं राहायचं नसतं. उद्या रिसालीच्या एखाद्या मुलीला वाटलं की आपणही हे करावं, तर तिला सांगायला कुणीतरी हवं.

पैसे माझे आहेत, ते मागत नाही. तुम्ही हो म्हणावं, एवढंच.

नीतू

*

रिसाली, भिलाई
१८ जून

नीतू बेटा,

तुयं पत्र एकट्यानंच वाचलं. संडासात बसून वाचलं. आपल्या घरात दुसरी एकटी जागा कोणती हाय तूच सांग.

दिवे नाई, हॉर्न नाई, दार नाई, छत नाई, नंबर नाई. मंग तिच्यात गाडी काय हाय?

म्या सारी नोकरी प्लांटमंदी काढली. गेटवर एक बोल्ट जरी बाहेर न्याचा असला तं गेटपास लागे. डब्यात उरलेली भाकर सोडून काही बिना कागदाचं बाहेर गेलं नाई. ज्या मालाले कागद नाई तो माल चोरीचा, हे मले कोणी शिकवाची गरज नाई. तू म्हणते, रोडवर चालवत नाई म्हणून नंबर नाई. चोर भी हेच म्हणन.

दुसरी गोष्ट, तो सेल्वम सस्त्यात कावून देऊन राहिला? चांगली चीज कोणी सस्त्यात देते का? सुपेल्यात जुन्या मोटरसायकली विकते ते लोक पाय, इंजिनात जाड ऑईल टाकून आवाज दाबते. घरी आणली का दुसऱ्या दिवशी खडखड. बबलूच्या दोस्ताची तशीच गत झाली.

तिसरी गोष्ट. तुया मायले काही सांगितलं नाई. पण मी बाहेर आलो तं तिनं मायं तोंड पाहून विचारलं, पोट्टीनं लगन जमवलं का? म्या नाई म्हटलं. मंग मलेच शंका आली. हे गाडीचं निमित्त तं नाई? तिकडचा कोणी पोट्टा असन तं साफ सांग. मले गाडीपेक्षा पोट्टा लवकर समजन.

त्या सेल्वमचा पूरा पत्ता लिवून पाठव. निस्तं पाहाले पाहिजे, बाकी काही नाई.

बाबा

*

कोइंबतूर
२७ जून

बाबा,

मुलगा नाही. खरंच गाडीच आहे.

चोरीचीही नाही. अशा गाड्यांच्या सांगाड्यावर एक नंबर कोरलेला असतो. स्पर्धा भरवणारे तो नोंदवून ठेवतात आणि प्रत्येक स्पर्धेआधी गाडी तपासतात. मी ट्रॅकच्या कचेरीत जाऊन नंबर ताडून पाहिला. सेल्वमच्याच नावावर आहे.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, शंका मलाही आहे. ती कागदाची नाही. गाडीच्या डाव्या अंगाचा रंग उजव्यापेक्षा ताजा आहे. मी विचारलं, गाडी ठोकली होती का? सेल्वमने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं आणि इंग्रजीत म्हणाला, स्मॉल टच. पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं तर तेच बोट, तोच अंगठा. आधी कोण चालवायचं? म्हणाला, एक पोरगा होता, आता चालवत नाही. का चालवत नाही? तेवढ्यात त्याला फोन आला. फोन वाजल्याचं मी मात्र ऐकलं नाही.

त्याची बायको जेवणाचा डबा द्यायला येते. ती गाडीच्या बाजूने कधी जात नाही. मागच्या दाराने येते, मागच्या दाराने जाते.

उलट हेही आहे की त्याने अजून माझ्याकडून विसार घेतलेला नाही. घाई करत नाही. सीट मला मोठी होते तर पाठीमागे फोम कापून लावून दिला आणि त्याचे पैसे मागितले नाहीत. म्हणजे माणूस एकतर फार चांगला आहे, नाहीतर फार पोचलेला.

पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे. तुम्ही म्हणालात निस्तं पाहायला, म्हणून दिला. त्याला पत्र वगैरे टाकू नका. माणूस लाजाळू आहे, उगाच बिचकेल.

नीतू

*

रिसाली
८ जुलै

नीतू बेटा,

बरं हाय. तू शिकलेली हायेस, समजदार हायेस. म्या काय बोलू. तुयावर मायापेक्षा जास्त विश्वास हाय.

तुया मायनं मुंगाचे पापड केले, ते पार्सल करतो. इकडं पाऊस बरा हाय. उतईकडं धानाचे रोवणे सुरू झाले. बबलूनं मोबाईल पुन्हा पाडला.

या हप्त्यात मी तुमसरले चाललो, चिंधूकाकाकडं. त्याची सासू वारली, तिची तेरवी हाय. आठ-दहा दिवस लागन. पत्राले उशीर झाला तं घाबरू नोको. फोन करू नोको, मले ऐकू येत नाई.

तिकडं गॅरेज सकाळी कधी उघडते? दुपारी जेवाले बंद करते काय? निस्तं विचारलं.

बाबा

*

कोइंबतूर
२५ जुलै

बाबा,

सेल्वमने गाडी विकायला नकार दिला.

रविवारी गेले तर फाटक बंद. आत वाकून पाहिलं तर गाडीच्या जागी तेलाचे डाग. गाडी ताडपत्रीत गुंडाळून कुठेतरी हलवली आहे, कुठे ते सांगत नाही. पुष्कळ विनवल्यावर फाटकाच्या फटीतून बोलला.

उत्तरेकडचा एक माणूस दोन दिवस त्याच्या गॅरेजसमोर उभा होता. वय झालेला, हातात रेग्झिनची पिशवी. कधी नारळपाण्याच्या गाडीमागे, कधी चहाच्या टपरीवर. टपरीवाल्याला हिंदीत विचारत होता, मालक कैसा आदमी है, पुलिस कभी आया था क्या. सेल्वम जेवायला मागच्या खोलीत गेला तेव्हा हा माणूस आत शिरला, गुडघ्यावर बसला, सांगाड्यावरचा नंबर पेनाने तळहातावर उतरवला आणि पान्याने एकेक नळी ठोकून पाहिली. सेल्वम धावत आला तर हा हात जोडून म्हणाला, "कुछ नहीं, कुछ नहीं, निस्तं पाहून राहिलो."

सेल्वमला शेवटचे शब्द समजले नाहीत. पण त्याने मला ते जसेच्या तसे करून दाखवले.

त्याला वाटतं, तो बँकेचा माणूस असेल, नाहीतर पोलिसांचा. त्याने मला विचारलं, तू पाठवलास का? मी म्हणाले, माझ्या वडिलांची शपथ, मला काही माहीत नाही.

काल आईचा फोन होता. तुम्ही घरी नसताना चिंधूकाका वांगी घेऊन रिसालीला आले होते आणि शेषराव कुठे गेला म्हणून विचारत होते. त्यांची सासू उत्तम आहे. आई म्हणाली, "या वयात हा माणूस खोटं बोलून कुठं गेल्ता, मले तं घास जात नाई." तिला कसली शंका येते आहे ते मी इथे लिहीत नाही. तुम्हीच तिला विचारा.

मी घेतलेली शपथ खोटी होती का? एवढंच कळवा.

नीतू

*

रिसाली
३ ऑगस्ट

नीतू बेटा,

खोटी होती.

तिकीट तेजराममामानं काढून देल्लं. त्याले म्हटलं, पोट्टीले अचानक भेटाले जातो. तो म्हणे, जिजाजी, लय खूश होईन. दुर्गवरून गाडीत बसवून देल्लं अन् खाली उभा राहून हात हालवत राहिला. तवाच मले शरम आली, पण गाडी सुटली होती.

नंबर हातावर लिवून आणला. रस्त्यात हात धुतला नाई. इकडं बबलूच्या ओळखीच्या हवालदाराले दाखवला. तो म्हणे, काका, असा नंबर हिंदुस्थानातल्या कोणत्याच गाडीले नसते. मंग मले अजून भेव वाटलं. तू तवाच लिवलं होतं का कचेरीत पाहून आली, ते आता मानतो. पहिले कावून मानलं नाई, ते मले भी समजत नाई.

आता ऐक. म्या तुले पाह्यलं.

फाटक बंद होतं त्याच्या आधीच्या रविवारी तू आली तवा मी नारळवाल्याच्या मागं होतो. तू त्या गाडीत बसली. इंजिन बंद. हेल्मेट घातलं, डोळे बंद केले अन् बंद गाडीचं स्टेरिंग फिरवाले लागली. कधी इकडं झुके, कधी तिकडं. पाय दाबे, सोडे. मले वाटलं पोट्टी पागल झाली. मंग समजलं, तू मनातल्या मनात पूरा ट्रॅक फिरून राहिली.

मले हाक माराची होती. पण तू विचारलं असतं, बाबा, कायले आले? म्हणून तू गेल्यावर नंबर उतरवाले आत शिरलो, अन् सेल्वमनं पाह्यल्यावर तसाच स्टेशनवर गेलो.

पण एक गोष्ट म्या पाह्यली, ते विचारल्याबिगर राहवत नाई. कोपऱ्यात एक पोट्टा स्टुलावर बसला होता. काठी बाजूले ठेवलेली. एक पाय सरका, वाकवत नव्हता. तो तुयाकडंच पाहे. तू डाव्या बाजूनं झुकली का तो भी झुके. तू सरकी झाली का तो भी सरका. तुये तं डोळे बंद होते, त्याचे उघडे. तू चुकली असशीन एका जागी, तं त्यानं मान हालवली.

बेटा, तो पोट्टा कोण? तुमचं दोघाईचं काही हाय काय? असन तं मी रागावणार नाई. रागावाचा हक मी तिकडंच सोडून आलो.

बाबा

*

कोइंबतूर
१४ ऑगस्ट

बाबा,

तुमचं पत्र वाचून मी इतकी चिडले की ते फाडणार होते. इथपर्यंत आलात आणि माझ्या खोलीवर पाणीसुद्धा न पिता परत गेलात. हे मी विसरणार नाही. आईला तुम्ही काय सांगितलंत ते माहीत नाही, पण तिला खरं सांगा.

मग त्या मुलाबद्दलचं पुन्हा वाचलं. त्याला मी गॅरेजचे हिशेब लिहिणारा समजत होते. कधी बोललेही नव्हते. पण मी ज्या वळणावर दर वेळी चुकते, तिथे मान कोण हलवेल? ज्याला ते वळण पाठ आहे तोच.

मी सेल्वमकडे गेले. आधी सांगून टाकलं की तो पिशवीवाला माणूस माझा बाप होता, माझी शपथ खोटी ठरली. तो ओट्यावर बसला आणि खूप वेळ हसला. हसता हसता त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, बाप तर मीही आहे.

त्या मुलाचं नाव कुमरन. सेल्वमचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी ही गाडी तोच चालवत होता. मागच्या गाडीने धडक दिली, ही उलटली आणि डाव्या अंगावर घासत भिंतीपर्यंत गेली. त्याचा डावा पाय अजून पुरता वाकत नाही. तो स्मॉल टच हा होता. त्याच्या आईने तेव्हापासून गाडीकडे पाहिलेलं नाही आणि ही गाडी घरातून जावी म्हणून रोज मागे लागते. अपघात सांगितला की गिऱ्हाईक पळून जातं, म्हणून सेल्वम लपवत होता.

मी विचारलं, सांगाडा कुणी जोडला? म्हणाला, घरीच. मी डाव्या बाजूचा रंग खरवडायला सांगितला. त्याने खरवडू दिला. कारखान्यात तपासणीचं माझं काम तेच आहे, म्हणून सांधे धुऊन, भेगेत शिरणारा लाल रंग लावून पाहिले. एकही भेग नाही. हाताने इतकं स्वच्छ जोडकाम मी क्वचित पाहिलं आहे. पण ही परीक्षा वरवरची. आतलं मला दिसत नाही. आणि जो माणूस माझ्या डोळ्यांत पाहून पुन्हा पुन्हा खोटं बोलला, त्याने जोडलेल्या नळीवर मी जीव कसा ठेवू? हाच प्रश्न मला सध्या आणखी एका माणसाबद्दल पडतो, ते जाऊ द्या.

तो पुन्हा विकायला तयार आहे. अट एकच, तुम्ही परत येऊ नये.

स्पर्धेची नावं सात सप्टेंबरपर्यंत द्यायची आहेत. गाडी नसेल तर हे वर्ष गेलं. घ्यायची की नाही ते मीच ठरवीन. पण तुम्ही इतका प्रवास करून नळ्या ठोकून पाहिल्या आहेत, म्हणून विचारते. काय करू?

आणि कुमरनचं आणि माझं काहीही नाही.

नीतू

*

रिसाली
२१ ऑगस्ट

नीतू बेटा,

तुया मायले सारं सांगितलं. दोन दिवस तिनं ताट मायापुढं आपटून ठेवलं. मंग म्हणे, गाडीत बसाची जागा एकच हाय ना? म्या म्हटलं, हो. म्हणे, मंग पोट्टा बसन कुठं? म्हणजे पोट्टा नाईच हाय. तिची शंका गेली. आता ती साऱ्या गल्लीले सांगून राहिली का पोट्टी हवाईजहाजासारखी गाडी घेऊन राहिली.

नळ्या म्या ठोकल्या, पण खरं सांगतो, मले आवाज कुठं ऐकू येते. हाताले जरा झणझण लागली तेवढीच. त्यावर तुले सल्ला देत नाई.

पण आमच्या क्रेनच्या गँगमंदी एक रीत होती. कागदावर नाई, आमची आमचीच. वर जाऊन काम कराले लोखंडी पाळणा असे. तो तुटला अन् कोणी जोडला, तं साहेब येऊन पास करे, सही करे, सारं करे. पण आम्ही सहीवर चढत नव्हतो. ज्यानं जोडला तोच पहिले त्यात बसे, अन् आम्ही त्याले पार वर नेऊन खाली आणो. मंग बाकीचे चढत. एकदा एक जण म्हणे, आज पोट दुखते, उद्या बसतो. पाळणा खोलला अन् पुन्हा जोडला.

त्या सेल्वमले म्हण, ज्यानं जोडली त्यानं पहिले बसून जोरात चालवावी. चालवली तं डोळे बंद करून घे. पोट दुखलं तं घेऊ नोको, हे वर्ष गेलं तं गेलं.

मायाकडून त्याची माफी भी माग. पण पहिले बसव, मंग माफी.

बाबा

*

कोइंबतूर
८ सप्टेंबर

बाबा,

तुमची रीत मी त्याला सांगणार नव्हते. शरम वाटत होती. ज्याच्या मुलाचा पाय त्याच गाडीत गेला, त्याला म्हणायचं की आता तुम्ही बसा! सुशीला म्हणाली, तुला भीती कशाची आहे, तो नाही म्हणेल याची की हो म्हणेल याची? मग सांगितलं.

सेल्वमने सगळं ऐकलं आणि पोटावर थाप मारली. "मी? यात?" पण बसायला गेला. कमरेपर्यंत आत गेला आणि अडकला. वर येईना, खाली जाईना. मी एक हात धरला, सुशीलाने दुसरा, आणि त्याला ओढून काढला. तोही हसत होता. मला मात्र मनात वाटलं, हे पोट दुखण्यासारखंच आहे. सोंग असेल. सीट काढून ठेवली असती तर तो बसू शकला असता.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुमरन तमिळमध्ये काहीतरी बोलला आणि सेल्वमचं हसणं थांबलं. सुशीलाने मला हळूच सांगितलं. तो म्हणाला होता, अप्पा, तुम्ही फक्त नळ्या धरल्या होत्या. जोडल्या मी.

वर्षभर स्टुलावर बसून त्याने एकेक सांधा जोडला होता. आईला सांगायचे की तो हिशेब लिहितो. मलाही तेच वाटलं होतं. गाडी विकण्यासाठी जोडली, असं सेल्वम समजत होता. कुमरन काय समजत होता, ते कुणी विचारलं नव्हतं.

काल सकाळी सरावासाठी ट्रॅक मिळाला. कुमरन गाडीत बसला; हिच्यात पाय लांब करूनच बसायचं असतं. त्याची आई आली होती. ती पाठ करून उभी राहिली. मी माझ्या नेहमीच्या वळणावर झेंडा घेऊन थांबले. पहिल्या फेरीत तो इतका हळू आला की मला सगळे सांधे मोजता आले असते. मी डाव्या बाजूच्या नळ्यांकडेच पाहत होते, काही हलतंय का, काही कुरकुरतंय का. दुसऱ्या फेरीलाही तेच. नंतर तो वेग वाढवत गेला. एकदा तो त्याच भिंतीजवळून आला, जिथे मी नेहमी ब्रेक लवकर दाबते. त्याने दाबला नाही. गाडी आपल्या जागेवरून आली आणि आपल्या जागेवरून गेली, जणू जमिनीवर तिच्यासाठी आखून ठेवलं होतं. त्यानंतर सांधे पाहायचं मी विसरले. वळून पाहिलं तर त्याची आई कठड्याशी आली होती.

तो परत आला, पण उतरला नाही. हेल्मेटही काढलं नाही. सेल्वम वाकून त्याच्याशी बोलत राहिला. मग माझ्याकडे आला. मी बॅगेतून चेकबुक काढलं होतं. त्याने माझा हात धरून ते परत बॅगेत ठेवलं.

विकत नाही म्हणाला, कुमरन उतरायला तयार नाही.

मी भांडले, बाबा. खूप भांडले. तुम्ही शब्द दिला होता म्हणाले, आधी खोटं बोललात आणि आता फिरलात म्हणाले. कुमरनची आई माझ्याजवळ आली आणि तिने नुसता माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तिची भाषा येत नाही. मग मी बॅग उचलली आणि बस पकडली.

तुमची रीत मध्ये आली नसती तर आज ती गाडी माझी असती. बसमध्ये पूर्ण वेळ मी तुमच्यावर चिडून होते आणि अजूनही थोडी आहे. तरी जे खरं ते लिहिते. गाडी चांगली होती, बाबा. म्हणूनच मला मिळाली नाही.

आज सकाळी सेल्वमचा फोन आला. पाँडिचेरीजवळ एका शेडमध्ये तशीच दुसरी गाडी आहे म्हणे. सांगाडा पाहायला कुमरन माझ्यासोबत येईल. यंदाची नावं देऊन झाली आहेत, आता पुढच्या वर्षीच. मी विचारलं, ती ठोकली होती का? तो म्हणाला, नो टच. मला त्या 'नो'चाच संशय येतो.

नीतू

*

रिसाली
१७ सप्टेंबर

नीतू बेटा,

मायामुळं तुयी गाडी गेली. राग कर. कितीही कर, पण पत्र लिवत जा.

तुया मायले वाचून दाखवलं. त्या बाईनं तुया पाठीवर हात ठेवला, तिथं ती थांबली अन् म्हणे, पुन्हा वाचा. म्या पुन्हा वाचलं.

पाँडिचेरीची गाडी पाहाले तू जाशीन तवा आम्ही दोघं भी येतो. तेजराममामाले तिकिटाची तारीख पाहून ठेव म्हटलं. या वेळी त्याले खरं सांगितलं. त्या सेल्वमले विचार, मी आलेलं चालते काय. तो नाई म्हणन तं मी तुया खोलीवर बसून राहीन, तुयी माय एकटी येईन.

तिथं बोलणं तू कर. विचाराचं ते तू विचार, पाहाचं ते तू पाय. मी मागं उभा राहीन. मधात बोललो तं मले बाहेर पाठव.

बाबा